दुतोंड्या मारुती आणि नववीचा प्रकल्प

"मॅडम, मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणजे नक्की किती पाणी?"

हे विचारणारी मुलगी माझ्या नववीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. तिच्या वडिलांची गोदाघाटावर पूजासाहित्याची टपरी आहे. जुन्या नाशकात गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगेचा पूर मोजायची आमची पिढीजात फूटपट्टी म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पायाला पाणी लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. पावसाळ्यात शहरभर फोनाफोनी याच भाषेत चालते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रंही याच भाषेत लिहितात. सोबत दोन आकडे असतात: नदीवरच्या गंगापूर धरणातून इतका क्युसेक विसर्ग आणि शहरातल्या होळकर पुलाखालून इतका. मारुती आणि क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा, हा तिचा प्रश्न होता. तिला तो पडला, कारण धरणातून पाणी सोडल्याची बातमी आल्यावर टपरी हलवायची की थांबायचं, हे घरात दरवेळी अंदाजानेच ठरायचं.

मी अठरा वर्षं शिकवते आहे. या काळात मुलांच्या किती प्रकल्प फायली तपासल्या असतील, त्याची गणती नाही. प्लॅस्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर कोरीव अक्षरात नाव, मग प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निष्कर्ष आणि शेवटी ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात माझं नाव हटकून असतं. त्या सगळ्या फायलींमध्ये मिळून खरे प्रश्न किती होते, असं कोणी विचारलं तर दोन्ही हातांची बोटं पुरतील. दोष मुलांचा नाही. आम्हीच विषय देतो, फळ्यावर यादी लिहितो, ही तारीख ती तारीख सांगतो आणि मुलं जे मागितलं ते आणून देतात. मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे कागद मिळतात, जलचक्राचे, सौरऊर्जेचे, प्रदूषणाचे. ते चिकटवायचे, खाली चार ओळी लिहायच्या. आता तर चॅटजीपीटीला विषय सांगितला की दोन मिनिटांत प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळं तयार मिळतं, तेही शुद्धलेखनाच्या चुका न करता. मूल काय शिकलं याचा पुरावा म्हणून फाईल पूर्वीही लंगडीच होती, आता तर तिच्यात काहीच उरलेलं नाही.

म्हणून मला एक गोष्ट जाहीरपणे मांडायची आहे. नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभराचा एक प्रकल्प करू द्यावा. त्याचा विषय त्याने स्वतः निवडावा, त्यासाठी वेळापत्रकात तासिका असावी, आणि मार्गदर्शन हे शिक्षकाच्या कामात धरलं जावं. बाकीच्या विषयांच्या प्रकल्प फायली त्याबदल्यात बंद कराव्यात. हा बदल हौशी शाळांपुरता ठेवू नये. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, अनुदानित, सगळ्या शाळांत तो व्हावा.

यात नवीन काय, असं कोणी म्हणेल. खरंच नवीन काही नाही. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने प्रकल्प पद्धतीवरचा आपला निबंध १९१८ मध्ये लिहिला. मुलाने मनापासून आणि स्वतःच्या हेतूने केलेलं काम हा त्याचा गाभा होता. गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून निघालेला उपक्रम आपल्याच राज्यातल्या माध्यमिक शाळांत चालला, आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्याचा. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या गावातला प्रश्न घ्या, फिरा, मोजा, असंच सांगते आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत विद्यार्थ्याची नवी कल्पना निवडली गेली तर विद्यार्थ्याच्या खात्यात दहा हजार रुपये येतात. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे आणि त्यातही प्रकल्प आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना दिले, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. म्हणजे कागदावर सगळं आहे. पण स्पर्धेला प्रत्येक शाळेतून दोन-चार मुलं जातात आणि ती आधीच हुशार ठरलेली असतात. उरलेल्यांच्या वाट्याला फाईलच येते.

माझ्या अनुभवात खरी अडचण पहिल्याच पायरीवर येते: मुलाला प्रश्न पडणं.

वर्गात जाऊन "तुम्हाला हवा तो विषय निवडा" म्हटलं की आनंदीआनंद होईल, असं मला वाटायचं. पहिल्या वर्षी मी तसं म्हटलं आणि वर्ग गप्प झाला. मग हळूहळू हात वर आले. प्लॅस्टिक प्रदूषण, वृक्षतोड, जागतिक तापमानवाढ, स्वच्छ भारत. हे मुलांचे प्रश्न नव्हते, आमच्याच जुन्या याद्या त्यांच्या तोंडून परत येत होत्या. घाटावरची ती मुलगीसुद्धा आधी "गोदावरी प्रदूषण" असंच म्हणाली होती. मी विचारलं, "नदीबद्दल तुला काय माहीत नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला नववीपर्यंत हे कोणी विचारलंच नव्हतं. शाळेत कायम माहीत असलेलं सांगायचं असतं.

तेव्हापासून मी पहिले तीन आठवडे विषय ठरवूच देत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक ओळ लिहायची: घरून शाळेत येताना दिसलेली, पण मला न कळलेली गोष्ट. पहिल्या आठवड्यात पानं पाठ्यपुस्तकी असतात, कृष्णविवर म्हणजे काय, डायनासोर का नष्ट झाले. दुसऱ्या आठवड्यात मुलं कंटाळतात. हा कंटाळा फार मोलाचा असतो आणि नेमका तिथेच शिक्षकाचा संयम सुटतो. आपल्याला वाटतं, मुलं वेळ वाया घालवताहेत, एखादा विषय सुचवून टाकावा. तिथे तोंड बंद ठेवलं तर तिसऱ्या आठवड्यात काही वेगळंच येऊ लागतं. आमच्या बोअरचं पाणी मे महिन्यातच पिवळं का येतं? रविवार कारंज्यावर रविवारी काय व्हायचं? स्टॉपवर पाऊण तास बस येत नाही आणि मग दोन एकदम का येतात? माझी आजी आणि आई अहिराणीत बोलतात, मला कळतं पण बोलता येत नाही, आमच्या घरातले कुठले शब्द गेले?

या प्रश्नांकडे नीट बघा. बसचा प्रश्न घेणाऱ्या मुलाने दोन आठवडे स्टॉपवर उभं राहून वेळा लिहिल्या आणि किती माणसं चढली ते मोजलं. उशिरा आलेल्या बसला स्टॉपवर जास्त माणसं सापडतात, ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो, आणि मागची बस तिला गाठते. हे त्याला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, स्वतःच्या तक्त्याकडे बघताना सुचलं. ज्या तासाला त्याने ते मला समजावलं, त्या तासाला मी शिक्षक नव्हते.

मार्गदर्शन कसं असू नये, हेही सांगायला हवं, कारण ते मी स्वतः करून बसले आहे. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाडकडचा एक मुलगा मामाकडे राहून शिकत होता. घरी द्राक्षाचे दोन प्लॉट, एकाची गोडी छाटणी (फळासाठी करतात ती) आधी झालेली, दुसऱ्याची दोन-अडीच आठवडे मागे. अवकाळी पाऊस दोन्हीवर सारखाच पडला. पहिल्या प्लॉटमधले मणी तडकले, दुसऱ्यातले वाचले. असं का, हा त्याचा प्रश्न. गोडी भरत आलेला मणी पावसात लवकर तडकतो हे कुठल्याही बागायतदाराला ठाऊक असतं. पण किती गोडी भरल्यावर तडकायला लागतो, हे त्याला मोजायचं होतं. वडिलांकडे ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर होता. रोज प्रत्येक प्लॉटमधले पाच घड, रस काढायचा, काचेवर थेंब टाकायचा, आकडा लिहायचा. इतकं साधं आणि इतकं सुंदर काम.

मला ते लहान वाटलं. समोर जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. मी त्याला "आधुनिक द्राक्षशेती" असा भारदस्त विषय दिला. ठिबकचं मॉडेल करायला लावलं, फ्लेक्सवर निर्यातीचे आकडे लावले, त्याच्या भाषणाचा मसुदाही मीच लिहिला. बक्षीस मिळालं, फोटो छापून आला. परतीच्या रिक्षात मी त्याला विचारलं, "खूश ना?" तो म्हणाला, "मॅडम, तो तुमचा प्रकल्प होता. पुढच्या वर्षी मी मण्यांचा करू का?" पुढच्या वर्षी तो दहावीत गेला आणि दहावीत कोण कसला प्रकल्प करतं! त्या वाक्याने मला जे शिकवलं ते बी.एड.ने शिकवलं नव्हतं. मुलाच्या हातातून प्रश्न काढून घ्यायला शिक्षकाला जबरदस्ती करावी लागत नाही. प्रेमाने, कौतुकाने, बक्षिसाच्या आशेने आपण तो सहज काढून घेतो आणि मूल नम्रपणे देऊन टाकतं.

मग मार्गदर्शकाने करायचं तरी काय? गोदाघाटावरच्या मुलीचं सांगते. तिचा पहिला प्रश्न फार मोठा होता: पूर कधी येतो? आम्ही दोघी बसून तो कापत गेलो. पूर म्हणजे काय धरायचं? मारुतीचा कुठला भाग? मूर्ती गाभाऱ्यात नाही, उघड्यावर आहे, तिच्याभोवतीचं पाणी लांबून दिसतं, पण "कंबर" म्हणजे नेमकं किती उंचीवर? तिने वडिलांना सोबत घेऊन, उन्हाळ्यात पाणी नसताना, खालपासून गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत दोरीने उंची मोजली आणि मग दोरी टेपवर धरली. हे तिचं तिला सुचलं. मी फक्त विचारलं होतं, "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी मोजलं तर तुझ्या कमरेशी त्याची कंबर जुळेल का?"

क्युसेक म्हणजे काय, हे तिला बातम्या वाचूनही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वर्गात कोणालाच नव्हतं. सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८.३ लिटर. घरातल्या वीस लिटरच्या जारने तिने ते समजून घेतलं: एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दीड जार. मग हजार क्युसेक म्हणजे काय, हे डोळे मिटून बघितल्यावर ती काही वेळ बोलली नाही.

पुढे ती सार्वजनिक वाचनालयात गेली. १८४० पासूनचं हे वाचनालय आपल्या शहराचा मोठा ठेवा आहे, आणि माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांनी तोवर त्यात पाऊलही टाकलेलं नव्हतं. तिने तिथे जुने अंक चाळले. २००८ चा पूर बघितला. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तिला स्वतःला आठवत होता; त्यात मारुतीच पाण्याखाली गेला होता. आणि तिथे तिला एक गोष्ट खटकली. एकाच दिवशी एक वर्तमानपत्र कंबर म्हणत होतं, दुसरं छाती. "कोण खोटं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दोघांनी बघितलं केव्हा?" सकाळी आठ वाजता बघणारा आणि दुपारी बाराला बघणारा दोघेही खरे असू शकतात, हे उमगल्यावर तिच्या वहीत "वेळ" नावाचा नवा रकाना आला. विश्वासार्ह स्रोत या विषयावर मी तासन् तास बोलले असते तरी तो रकाना आला नसता.

तिचा खरा शोध मात्र दोन आकड्यांच्या फरकात होता. गंगापूर धरणातून जितकं पाणी सोडलं असं सांगतात, त्याहून होळकर पुलाखालचा आकडा मोठा असतो. पहिल्यांदा तिला ती छपाईची चूक वाटली. मग नकाशा घेऊन बसल्यावर लक्षात आलं, धरण आणि पूल यांच्यामध्ये पाऊस पडतोच आणि त्या पट्ट्यातले ओढे नि शहराचे नाले नदीतच येतात. म्हणजे धरणाचा दरवाजा उघडलेला नसतानाही घाटावर पाणी चढू शकतं. टपरीसाठी ही माहिती सोन्यासारखी होती. वडिलांनी त्या पावसाळ्यात धरणाच्या बातमीबरोबर शहरात किती पाऊस झाला तेही बघायला सुरुवात केली.

पण त्या वर्षी पावसाने दगा दिला. मारुतीच्या पायांच्या वर पाणी मोजकेच दिवस आलं. तिच्या तक्त्यात साऱ्या मिळून तीन धड नोंदी जमल्या. तीन बिंदूंवरून आलेख काढता येत नाही, हे तिला कळत होतं आणि त्याचं तिला फार वाईट वाटत होतं. एका प्रदर्शनात आम्ही ती वही ठेवली. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "मॉडेल कुठे आहे?" दुसरा, "निष्कर्ष काय?" ती म्हणाली, "निष्कर्ष काढण्याइतक्या नोंदी नाहीत, पण पुढच्या वर्षी कशा घ्यायच्या ते कळलंय." ते पुढच्या टेबलाकडे वळले. शेजारी थर्माकोलचं धरण होतं आणि त्यात मोटरने पाणी फिरत होतं.

मला त्या परीक्षकांचा राग येतो, आजही. पण त्यांच्या हातातल्या गुणतक्त्यातच "सादरीकरण", "मॉडेल", "निष्कर्ष" असे रकाने असतील तर त्यांनी तरी काय करायचं? "माझ्याकडे पुरेशी माहिती नाही" हे वाक्य बोलायला जे धैर्य आणि जी समज लागते, तिच्यासाठी आपल्या मूल्यमापनात एक गुणही नाही. म्हणून मागणीचा दुसरा भाग: या प्रकल्पाला गुण द्यायचे तर ते तारीखवार लिहिलेल्या नोंदवहीला आणि दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेला द्यावेत. नोंदवहीत खाडाखोड हवी, फसलेले दिवस हवेत, बदललेले प्रश्न हवेत. तोंडी परीक्षेत मुलाने समोर बसून, कागद न बघता, काय केलं आणि का केलं ते सांगावं. कॉपी आणि चॅटजीपीटी दोन्ही तिथे आपोआप गळून पडतात. आणि प्रकल्पाची स्पर्धा करू नये. स्पर्धा आली की पालक येतात, पालक आले की खर्च येतो.

आता शिक्षकांची बाजू. माझे सहकारी हे वाचून चिडतील, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. एका तुकडीत साठ मुलं, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, परवा मागवलेला अहवाल कालच हवा. प्रत्येक मुलाचा वेगळा प्रकल्प कोण बघणार? इथे आकडेमोड करून बघूया. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र अभ्यासनिबंध लिहावा लागतो. त्यासाठी मार्गदर्शकाने प्रत्येक विद्यार्थ्याला एकूण तीन ते पाच तास द्यावेत अशी अपेक्षा असते. त्यात तीन नोंदवलेल्या चर्चा असतात आणि शेवटची तोंडी परीक्षेसारखी असते. त्या शाळांची फी आपल्याला परवडणारी नाही, पण हा हिशेब फुकट आहे. मध्य धरून चार तास घेऊ. साठ मुलांची तुकडी एका विज्ञान शिक्षकाच्या गळ्यात बांधली तर वर्षाला २४० तास, म्हणजे अशक्य. पण नववीत १२० मुलं आणि शाळेत वीस शिक्षक असतील तर प्रत्येकाकडे सहा मुलं येतात. सहा चोक चोवीस तास. वर्षभरात वाटले तर आठवड्याला साधारण एक तासिका. मुलं दोघादोघांच्या जोडीने काम करणार असतील तर त्याहून कमी.

यासाठी एक जुना समज सोडावा लागेल, की प्रकल्प म्हणजे विज्ञान शिक्षकाचं काम. चित्रकलेचे सर, क्रीडा शिक्षक, संस्कृतच्या मॅडम, सगळे मार्गदर्शक होऊ शकतात, कारण मार्गदर्शकाला उत्तर माहीत असण्याची गरजच नाही. उलट विषयाचा जाणकार लवकर उत्तर सांगून टाकतो. "मलाही माहीत नाही, कोणाला विचारूया?" हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकणं हाच निम्मा प्रकल्प आहे. आणि विचारायला नाशिकइतकं भाग्यवान शहर कुठे शोधायचं? दिंडोरी रोडला मेरी आहे, पाण्याचा आणि धरणांचा अभ्यास करणारी. अंजनेरीला नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आहे. मुक्त विद्यापीठ आहे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले लोक शहरभर राहतात. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधला फिटर आणि येवल्याचा पैठणी विणकर यांच्याकडे असं ज्ञान आहे जे कुठल्याच पुस्तकात उतरलेलं नाही. यांच्याकडे मुलं पाठवायची तर शाळेच्या पत्राची आणि एका फोनची गरज असते. माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलेलं नाही. चौदा वर्षांचं मूल खरा प्रश्न घेऊन दारात उभं राहिलं की माणसं हातातलं काम बाजूला ठेवतात.

पालकांचा आक्षेप वेगळा आहे. नववी म्हणजे फाउंडेशनचं वर्ष, कॉलेज रोडच्या क्लासचं वेळापत्रक ठरलेलं, वेळ कुठून आणायचा? वेळ आहे, तो फायलींत जातोय. माझ्या वर्गातल्या मुलांनी गेल्या वर्षी विषयागणिक एक अशा सात फायली केल्या. त्या रात्री जागून करताना निम्म्या घरांत आईच कात्री घेऊन बसते. सात फायलींऐवजी एक वही, एवढाच बदल मागते आहे.

गरीब मुलांना हे झेपणार नाही, असा आक्षेप मात्र मला सर्वांत जास्त बोचतो, कारण तो त्यांच्या भल्यासाठी म्हणून घेतला जातो. घाटावरची मुलगी शाळा सुटल्यावर टपरीवर बसायची, घरी अभ्यासाला वेगळी खोली नव्हती. तिला झेपलं, कारण कामाचा बराच भाग शाळेच्या वेळेत झाला. म्हणूनच तासिका वेळापत्रकात हवी. ती नसेल तर हा सगळा खटाटोप पुन्हा मोकळा वेळ आणि शिकलेले आईबाप असलेल्या घरांचा होईल, मग तो न केलेला बरा. खर्चावर बंधन हवं, शंभर रुपये फार झाले. दोरी, टेप, वही, आणि बसचं तिकीट.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. आमच्या सहली तिथे जातात, मुलं फोटो काढतात, परततात. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये पैसे लावणाऱ्याला आपल्या कलेची खात्री पटवण्यासाठी काय केलं होतं, ते मी मुलांना तिथे उभं करून सांगते. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो कोंब बघता बघता वेल झाला. कोणी विषय दिला नव्हता, कोणी तारीख ठरवली नव्हती. रोज त्याच कुंडीसमोर जाऊन उभं राहायचं, एवढंच. पुढचं सगळं त्या कुंडीतून आलं. एका वर्षी हे ऐकून चौघांनी खिडकीत मूग पेरले आणि मोबाईलने रोज सकाळी सातला फोटो काढले. दोघांचे मूग कुजले. पाणी जास्त झालं होतं, हे त्यांना फोटोंवरूनच कळलं.

शिक्षण विभागाला सांगायचं ते इतकंच: पुढच्या जूनच्या वेळापत्रकात नववीसाठी आठवड्याला दोन तासिका राखून ठेवा, सगळ्या शिक्षकांत मुलं वाटा, विषयांची यादी पाठवू नका. यादी आली की शाळा यादीतूनच निवडायला लावतील, हे मी खात्रीने सांगते. नमुना प्रकल्पांची पुस्तिकाही छापू नका. प्रशिक्षण द्यायचंच तर एक करा: शिक्षकांना तीन आठवडे त्यांच्या स्वतःच्या वाटेवरचा, स्वतःला न कळलेला एक प्रश्न शोधायला लावा. मी तो शोधायला बसले तेव्हा मला किती जड गेलं ते आठवतं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला काही सुचेना.

ती मुलगी आता दहावीत आहे, क्लास आहे, सराव परीक्षा आहेत. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिचा मेसेज आला: "मॅडम, गुडघ्याच्या वर चार बोटं. वेळ ४ वाजून १० मिनिटं. शहरात सकाळपासून पाऊस, धरणाचा विसर्ग अजून वाढवलेला नाही." सोबत फोटो होता, काठावरून काढलेला, थोडा हललेला. त्याखाली आणखी एक ओळ: "सिंहस्थासाठी घाटाच्या पायऱ्या बदलल्या तर माझ्या जुन्या नोंदी नव्या नोंदींशी कशा जुळवायच्या?"

मी मेरीतल्या एका ओळखीच्या अभियंत्यांचा नंबर शोधला आणि तिला लिहिलं, "मला माहीत नाही. शनिवारी विचारायला जाऊया?"